क्रीडा व्यवस्थापन: गोव्यात राहून शिकावे, की थेट मुंबई गाठावी?

बारावीनंतर क्रीडा व्यवस्थापनाकडे वळणाऱ्या गोमंतकीय मुलामुलींपुढे मुख्यतः दोन वाटा असतात. एक, इथल्याच महाविद्यालयात बीकॉम किंवा बीबीए करायचे, जोडीला स्पर्धांवर काम करायचे आणि पुढे एमबीएसाठी बाहेर पडायचे. पुण्यात सिम्बायोसिसमध्ये या विषयाचे एमबीए आहे. दुसरी, मुंबईला जाऊन तीन वर्षांची खास पदवीच घ्यायची. तिथे आयआयएसएम ही संस्था 2010 पासून हा विषय शिकवते. बीपीएड ही तिसरी वाट नव्हे. ती क्रीडाशिक्षकाची पदवी आहे.

बहुतेकांना आम्ही पहिली वाट सुचवू, आणि त्यामागे फी हे एकच कारण नाही.

मैदानावरचे काम शिकायला गोव्याइतकी सोयीची जागा शोधून सापडणार नाही. 2020-21 चा इंडियन सुपर लीग (आयएसएल) या फुटबॉल स्पर्धेचा अख्खा हंगाम फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचे टिळक मैदान एवढ्यावर पार पडला. 26 ऑक्टोबर ते 9 नोव्हेंबर 2023 या काळात 37वी राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा इथे झाली. 2025 मध्ये बुद्धिबळाचा विश्वचषक आला. मिरामारची आयर्नमॅन 70.3 तर शिकणाऱ्यासाठी खाणच आहे: 1.9 किमी पोहणे, 90 किमी सायकल, 21.1 किमी धावणे. एकाच सकाळी समुद्रातली सुरक्षा, बंद रस्ते, पाण्याची ठाणी आणि अडकलेले स्थानिक रहिवासी, सगळे सांभाळावे लागते.

अशा स्पर्धेत नवख्याला बहुधा अॅक्रेडिटेशनच्या, म्हणजे ओळखपत्रे देण्याच्या, टेबलावर बसवतात. काम क्षुल्लक वाटते, पण स्पर्धेची सुरुवात तिथेच अडखळते. संघांच्या याद्या उशिरा येतात, फोटो चुकीच्या मापाचे असतात, ओळखपत्रावरचे नाव आणि यादीतले नाव जुळत नाही. मग आदल्या संध्याकाळी रांग लागते आणि छपाईयंत्र एकच असते. यादीची अंतिम तारीख दोन दिवस अलीकडची का सांगायची, हे त्या रांगेसमोर बसल्यावर कायमचे कळते.

मुंबईचे बळ वेगळे आहे. प्रक्षेपण कंपन्या, प्रायोजकत्व मिळवून देणाऱ्या एजन्सी, लीगची कार्यालये तिथे आहेत. प्रस्ताव कसा मांडायचा, प्रक्षेपण हक्कांची किंमत कशी ठरते, हे तिथल्या इंटर्नशिपमध्ये दिसते. गोव्यात ते फारसे दिसत नाही. प्रायोजकत्व आणि हक्कांच्या याच कामात शिरायचे हे ज्याचे पक्के ठरले आहे आणि तीन वर्षांची फी, भाडे, खाणावळ ज्याच्या घरच्यांना कर्जाविना झेपते, त्याने सरळ मुंबईला जावे.

पण प्रायोजकत्व प्रस्तावावर संपत नाही. बिल, 18 टक्के जीएसटी, टीडीएस, आणि करारातली प्रत्येक गोष्ट दिल्याचा पुरावा हा त्याचा अर्धा भाग. फलक ठरल्या जागी लावलेला असतो, पण सामना चालू असतानाचा फोटो कोणी काढलेला नसतो, आणि शेवटचा हप्ता अडकतो. इथे बीकॉमवाला उपयोगी पडतो.

गोव्यात राहण्याची खरी अडचण वेळापत्रकाची आहे. पावसाळ्यात मोठी मैदानी स्पर्धा जवळपास नसते. हंगाम भरात येतो तो ऑक्टोबरनंतर, नेमका सत्रपरीक्षांच्या तोंडावर. हजेरी 75 टक्क्यांखाली गेली की परीक्षेला बसण्याचाच प्रश्न येतो. म्हणून काम स्वीकारण्याआधी प्राचार्यांना आयोजकांचे पत्र द्यावे. स्पर्धा संपल्यावर दिलेल्या पत्राने हजेरी मिळेलच असे नाही. मे-जूनची इंटर्नशिप क्लबच्या कार्यालयात मागावी, मैदानावर नव्हे.

या क्षेत्राची अस्थिरताही मोजायला हवी. भारतीय फुटबॉलच्या व्यावसायिक हक्कांचा 15 वर्षांचा करार संपत आल्यामुळे जुलै 2025 मध्ये आयएसएलचा नवा हंगाम आयोजकांनी थांबवला. पुढच्याच महिन्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी आली आणि मोठे प्रायोजक एका झटक्यात बाजारातून गेले. अशा वेळी साध्या वाणिज्य पदवीवर हॉटेल, इव्हेंट, हिशेब यांची दारे उघडी राहतात. खास पदवीवर ती उघडतात, पण प्रत्येक मुलाखतीत आधी अभ्यासक्रम समजावून सांगावा लागतो.

बाहेर प्रवेश घेणारच असाल तर तीन गोष्टी लेखी मागा: पदवी कोणत्या विद्यापीठाची, इंटर्नशिप किती आठवड्यांची आणि कोणत्या महिन्यांत, मागच्या तुकडीला नेमकी कोणती पदे मिळाली. यादीत फक्त कंपन्यांची चिन्हे असतील तर पदे पुन्हा विचारा. तीन महिन्यांचे तात्पुरते कामही ‘प्लेसमेंट’ म्हणून मोजलेले असू शकते.

आणि गोव्यात राहणार असाल तर प्रत्येक स्पर्धेचे प्रमाणपत्र त्याच आठवड्यात घ्या. त्यावर ‘स्वयंसेवक’ एवढेच नको. विभाग, जबाबदारी आणि तारखा लिहून घ्या. आयोजन समितीचे तात्पुरते कार्यालय बंद झाले की सही करणारा माणूस सापडत नाही.