लिस्बनच्या हॉटेलचे पैसे मी दोनदा कसे भरले

म्हापशातल्या आमच्या वाड्यावर लिस्बन हे काही दूरचे गाव राहिलेले नाही. कुणाचा मुलगा तिथे स्थायिक झालेला असतो, तर कुणाची भाची पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन तिथून पुढे इंग्लंडला गेलेली असते. मी निवृत्त शिक्षक, पोर्तुगीज शब्द कानावरचे असले तरी त्या देशात कधी पाऊल टाकलेले नव्हते; शेजारच्या कुटुंबाने फारच आग्रह धरला तेव्हा आम्ही दोघांनी जूनमध्ये सहा रात्री लिस्बनला राहायचे ठरवले. १३ जूनचे सांत आंतोनचे फेस्त आपल्याकडेही असते, पण लिस्बनमध्ये तो संत घरचाच आहे आणि १२ तारखेच्या रात्री सारे शहर रस्त्यावर उतरते. साहजिकच त्या आठवड्यात चांगल्या जागी खोली मिळणे कठीण होते, आणि माझ्या फसवणुकीला याच अडचणीची मोठी मदत झाली.

आधी सावधगिरी किती बाळगली होती ते सांगतो, नाहीतर वाचणारे म्हणतील की मास्तर भोळे. आल्फामा भागातले एक लहान घर भाड्याने घेण्याचा आमचा विचार होता. पोर्तुगालमध्ये पर्यटकांना अशी घरे देणाऱ्याला सरकारी नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो आणि जाहिरातीत तो दाखवावा लागतो. घरमालक तो देईना, म्हणून मी तो नाद सोडला. मग रोसिउ चौकाजवळचे एक जुने, साधे हॉटेल एका मोठ्या आरक्षण संकेतस्थळावरून घेतले. रात्रीचे ११८ युरो, सहा रात्रींचे ७०८, पैसे तिथे पोहोचल्यावर द्यायचे आणि ठराविक तारखेपर्यंत आरक्षण फुकट रद्द करता येईल, अशी अट. त्या आरक्षणाचा कागद पणजीच्या व्हिसा केंद्रात अर्जासोबत जोडला. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांच्या सामाईक व्हिसासाठी, राहण्याच्या सोयीचा पुरावा लागतो, त्यामुळे अर्ज दिल्यानंतर आरक्षण मोडले तर व्हिसाचे काय होईल, ही धाकधूक मनात होतीच.

अर्ज देऊन आठवडा झाला असेल. रात्री अकराच्या सुमारास, म्हणजे लिस्बनमध्ये संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असताना, फोनवर संदेश आला. तो एसएमएस नव्हता किंवा अनोळखी क्रमांकावरून व्हॉट्सअ‍ॅपवरही आलेला नव्हता. त्या आरक्षण अ‍ॅपमध्ये, हॉटेलशी माझा जिथे संवाद चालला होता, तिथेच आला होता. त्याच्या वरच हॉटेलचा चार दिवसांपूर्वीचा खरा संदेश दिसत होता, ज्यात न्याहारीची वेळ कळवली होती. नव्या संदेशात माझे नाव, आरक्षणाचा क्रमांक, येण्याजाण्याच्या तारखा आणि ७०८ युरो ही रक्कम, सारे अचूक होते. सणाच्या आठवड्यात खोट्या आरक्षणांमुळे नुकसान होते, म्हणून कार्डाची पडताळणी करावी. रक्कम केवळ तपासणीसाठी घेतली जाईल आणि लगेच परत केली जाईल. बारा तासांत हे न झाल्यास आरक्षण आपोआप रद्द होईल, असा मजकूर होता आणि खाली दुवा होता.

दुवा उघडल्यावर आलेले पान हुबेहूब त्या संकेतस्थळासारखे होते, हॉटेलच्या दर्शनी भागाचे छायाचित्रही तेच होते. पानाचा पत्ता मी वाचला, पण चुकीच्या बाजूने वाचला. सुरुवातीला संकेतस्थळाचे ओळखीचे नाव दिसले आणि माझे समाधान झाले. खरे तर त्या नावापुढे टिंब होते, मग एक अनोळखी शब्द आणि काही आकडे, आणि त्यानंतर डॉट कॉम. जागेचा मालक ठरतो तो, सुरुवातीचे https:// सोडून, पहिल्या तिरक्या रेघेच्या आधीच्या, डॉट कॉमला चिकटलेल्या शब्दावरून. त्याच्याही आधी कुणीही कुणाचेही नाव लिहू शकतो, जसे कुणीही आपल्या दारावर कलेक्टर कचेरीची पाटी लावावी.

कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागचे तीन अंक मी भरले. ओटीपी आला तेव्हा फोनच्या कळफलकावर ते सहा आकडे आपोआप तयार दिसले. मी त्यावर बोट ठेवले आणि आकडे चौकटीत जाऊन बसले. बँकेचा संदेश मी उघडलाच नाही. दुसऱ्या दिवशी उघडला, तेव्हा त्यात ७०८ युरो आणि त्यापुढे भलत्याच एका दुकानाचे नाव होते, हॉटेलचे नाव कुठेही नव्हते. ती एक ओळ वेळेवर वाचली असती तर हा लेख लिहिण्याची पाळी आली नसती. पानावर मात्र व्यवहार झाला नाही, दुसरे कार्ड वापरून पाहावे, असे उमटले. मी सौभाग्यवतींचे कार्ड मागितले. त्यांनी ते दिले, पण त्यावरून काही गेले नाही, कारण परदेशी ऑनलाइन व्यवहार त्या कार्डावर सुरूच केलेले नव्हते. मार्च २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नव्या कार्डांवर ही सोय बंद असते आणि ग्राहकाने सांगितल्यावरच सुरू होते. माझ्या कार्डावर ती मीच, प्रवासाच्या तयारीच्या उत्साहात, महिनाभर आधी सुरू करून ठेवली होती.

पहाटे चारला त्याच कार्डावरून आणखी ५४० युरो गेले, आणि तेही ओटीपी न मागता. परदेशी संकेतस्थळांपैकी काही ठिकाणी केवळ कार्डाच्या तपशिलावर पैसे घेतले जातात, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

सकाळी कार्ड बंद केले, १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि दुपारी दीडला, तिकडचे नऊ वाजता, हॉटेलला फोन लावला. स्वागतकक्षातली बाई शांतपणे म्हणाली, ‘‘सर, आज सकाळपासून असा हा चौथा फोन. आरक्षण संकेतस्थळावरचे आमचे खाते कुणीतरी ताब्यात घेतले आहे.’’ हे कसे होते त्याचा शोध मी नंतर घेतला. मार्च २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने हॉटेलांवरच्या अशा मोहिमेची माहिती प्रसिद्ध केली होती. पाहुण्याची तक्रार किंवा चौकशी वाटावी असे पत्र हॉटेलच्या कर्मचाऱ्याला येते, त्यातल्या दुव्यावर ‘तुम्ही माणूस आहात का’ अशी खोटी तपासणी असते, आणि तिच्यात सांगितलेल्या कळा दाबल्या की त्याच्या हातूनच संगणकात पासवर्ड चोरणारा प्रोग्राम उतरतो. तसे झाले की पुढे हॉटेलच्या खात्यातून, हॉटेलच्याच नावाने, पाहुण्यांना संदेश पाठवता येतात. म्हणूनच माझे सारे तपशील बरोबर होते. ते बरोबर आहेत एवढ्यावरून मी समोरच्याला हॉटेल समजलो.

मला उशिरा सुचलेली गोष्ट इतकी साधी आहे की सांगताना लाज वाटते. पैसे पोहोचल्यावर द्यायचे ठरलेले असताना मध्येच कुणी मागितले, तर त्या संदेशाला उत्तर देत बसू नये आणि त्यातला फोन क्रमांकही वापरू नये. हॉटेलचा क्रमांक वेगळा शोधून फोन करावा. चाळीस रुपयांचा तो फोन मी दुसऱ्या दिवशी केला, आदल्या रात्री केला नाही.

बँकेत अर्ज दिला तो त्याच दिवशी. त्या वेळी लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाची चूक नसलेला व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत कळवला तर ग्राहकावर बोजा पडत नाही, पण गुप्त तपशील त्याने स्वतः दिले असतील तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचेच. बँकेने याच रेषेवर निवाडा केला. ओटीपीविना गेलेले ५४० युरो सुमारे दोन महिन्यांनी परत मिळाले. ७०८ युरो मात्र गेलेच. त्या वेळी युरो शंभर रुपयांच्या आसपास होता आणि परकीय चलनावरचा साडेतीन टक्के आकार व त्यावरचा जीएसटी धरून ते जवळजवळ चौऱ्याहत्तर हजार होतात. मी वाद घातला नाही असे नाही, पण ते सहा आकडे माझ्याच बोटाने गेले होते, आणि ते मला नाकारता येईना.

व्हिसा मिळाला, आरक्षण शाबूत होते, म्हणून आम्ही गेलो. स्वागतकक्षात त्याच बाईने, मी पाहत असताना, ७०८ युरो यंत्रावर घेतले आणि वर शहराचा कर मागितला. माणशी रात्रीचे चार युरो, दोघांचे सहा रात्रींचे ४८. हा कर खरा असतो आणि लिस्बनमध्ये हॉटेलातच भरायचा असतो, हे मी आधी वाचले होते. तरीही मी छापील पावती मागून घेतली, चष्मा लावून तिच्यावरचे हॉटेलचे नाव वाचले आणि मगच पाकिटातून नोटा काढल्या.