मेमोरियल डे: आर्लिंग्टन की परेड?

मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी, म्हणजे सेवेत असताना प्राण गमावलेल्या अमेरिकन सैनिकांच्या स्मृतिदिनी, वॉशिंग्टनमध्ये असणाऱ्यांना हा प्रश्न पडतोच: आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत जायचं की शहरातली परेड पाहायची? पैशांचं म्हणाल तर दोन्ही फुकट. कष्ट आर्लिंग्टनला जास्त: तपासणीची रांग, मग उन्हातली चढण. पण आधीच्या गुरुवारी सैनिकांनी अडीच लाखांहून अधिक थडग्यांपुढे रोवलेले छोटे झेंडे पाहिले की सुट्टी कुणासाठी आहे हे लगेच कळतं. कॉन्स्टिट्यूशन अव्हेन्यूवरच्या परेडमध्ये बँड, माजी सैनिक, गर्दी, जत्रेचा बाज जरा जास्तच (माझं मत!). दुपारी ३ वाजताचं मिनिटभराचं मौन कुठेही पाळता येतं. सोबत लहान मुलं किंवा गुडघेदुखीवाले असतील तर परेड बरी. हुतात्म्यांपाशी निवांत थांबायचं असेल तर आर्लिंग्टन, तेही सकाळी लवकर.