लो-विंगचा फ्युएल पंप: मेकॅनिकलसोबत एक इलेक्ट्रिक, की सरळ दोन इलेक्ट्रिक?

रोटॅक्स ९१२ इंजिन लावून लो-विंग (पंख खाली असलेलं) टू-सीटर विमान बांधताय आणि काम फायरवॉलपाशी (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीपाशी) येऊन थांबलंय, तर बहुतेक याच प्रश्नावर थांबलं असणार. हाय-विंगवाल्यांचं जरा बरं असतं, टाकी डोक्यावर. पण तिथेही एक मीटर उंचीवरून येणाऱ्या पेट्रोलचं प्रेशर जेमतेम ०.०७ बार भरतं आणि इंजिनचं मॅन्युअल किमान ०.१५ मागतं, त्यामुळे पंप त्यांनाही सुटत नाहीच, फक्त पंप गेला तर बऱ्याचदा शेतात उतरायची वेळ येत नाही. आपल्याला ती सोय नाही. आपलं पेट्रोल खालून वर चढणार.

आमच्या शेडमध्ये दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी उभे आहेत, इंजिन दोन्हींचं तेच. माझ्यात गिअरबॉक्सवरचा मेकॅनिकल पंप तसाच ठेवलाय, टाकीजवळ त्याच्यासोबत सीरिजमध्ये एक इलेक्ट्रिक, आणि कार्बपासून (कार्ब म्हणजे कार्ब्युरेटर) मागे टाकीत जाणारी बारीक रिटर्न लाइन. शेजारच्यात मेकॅनिकल काढून तिथे ब्लँकिंग प्लेट (भोक बुजवणारी पट्टी) मारलीये आणि सीटच्या मागे, अगदी तळाला, दोन इलेक्ट्रिक पॅरललमध्ये. मालक जुना मित्र आहे, पॅनेलच्या कामाला मलाच हाक मारतो, त्यामुळे त्याच्या विमानाखालीही मी भरपूर आडवा झालोय. आकडे काढून ग्राफ वगैरे काही केलेलं नाही, जे दिसलं ते सांगतो, तुमचा अनुभव वेगळा असू शकतो.

आधी दोन इलेक्ट्रिकवाल्याचं कौतुक, कारण ते खरंच आहे. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसला टेकतो, उतरल्यावर काऊलिंगच्या (इंजिनवरच्या झाकणाच्या) आत जी भट्टी होते ती इंजिन बंद केल्यावर आणखी वाढते कारण हवा थांबलेली असते, आणि वरच्या बाजूला बसलेले कार्ब आणि पंप दोन्ही त्यात शिजतात. मेकॅनिकल पंप पेट्रोल ओढून घेतो, ओढलं की लाइनीतलं प्रेशर कमी होतं, प्रेशर कमी झालं की गरम पेट्रोलची वाफ व्हायला लागते, हे सगळं एकाच जागी. टाकीशेजारी थंडाव्यात बसलेला पंप ढकलतो, त्यामुळे पुढची सगळी लाइन प्रेशरखाली राहते आणि वाफ धरायला जागाच कमी मिळते. चहा पिऊन परत सुरू करताना मित्राच्या विमानाचा फ्युएल प्रेशरचा काटा शहाण्यासारखा बसतो. माझा, रिटर्न लाइन घालायच्या आधी, थोडा नाचायचा. आता इलेक्ट्रिक आधी चालू करून अर्धा-एक मिनिट थांबतो, गरम पेट्रोल आणि बुडबुडे रिटर्नमधून टाकीत निघून जातात, मग स्टार्टर. फरक उरलाय, पण फार नाही.

रिटर्नचा त्रास नाही असं नाही हं. तिच्यात ०.३५ मिमी भोकाचा जेट (प्रवाह अडवणारा तुकडा) टाकावा लागतो, नाहीतर सगळं प्रेशर तिथूनच पळून जाईल. तासाला दोनेक लिटर परत जातं, आणि ते ज्या टाकीतून घेतलं त्याच टाकीत गेलं पाहिजे. दोन टाक्या असतील तर एकतर दुहेरी सिलेक्टर व्हॉल्व्ह (जाणारी आणि परतीची लाइन एकदम बदलणारा) घ्या, तो महाग आहे, नाहीतर ज्या टाकीत रिटर्न सोडलीये तीच आधी वापरायची सवय लावा, कारण ती पूर्ण भरलेली असताना दुसऱ्या टाकीवर उडालात तर परतीचं पेट्रोल व्हेंटमधून (टाकीच्या हवेच्या भोकातून) बाहेर. आणि बाकी काही असलं तरी इतक्या बारीक भोकाच्या आधी चांगला फिल्टर हवाच, कचऱ्यानं ते बुजलं तर लाइन आहे आणि नाही सारखीच.

पेट्रोलबद्दल इथेच सांगून टाकतो. पेट्रोल पंपांवर ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आल्यापासून हा विषय जास्त चिघळलाय. रोटॅक्सची ९१२ साठी मर्यादा १० टक्के इथेनॉलची आहे, वीसची नाही. पुण्यात १०० ऑक्टेनचं पेट्रोल २०२० च्या डिसेंबरपासून मिळतं, त्यात इथेनॉल नसतं म्हणतात, महाग पडतं, पण नुसत्या नावावर विश्वास न ठेवता प्रत्येक कॅनची पाण्याची टेस्ट करा: उभ्या मोजपात्रात थोडं पाणी, त्यावर पेट्रोल, हलवायचं, थांबायचं, खालचा पाण्याचा थर वाढलेला दिसला म्हणजे इथेनॉल त्यात उतरलंय. पाच मिनिटांचं काम आहे. पंप कुठलाही लावा, हे चुकवू नका.

लाइनींचं म्हणाल तर नाना पेठेत 'पेट्रोल पाइप' मागितला की काउंटरवरचा माणूस जो काढून देतो तो बहुतेक वेळा बाइकचा असतो. पाइपावर जे३०आर९ छापलेलं शोधा, आर७ हा कार्बच्या गाड्यांचा जुना दर्जा. तरीही रबर ते रबर, रोटॅक्सच्या हिशोबानं पाच वर्षांनी सगळं रबर बदलायचं आणि त्याच यादीत मेकॅनिकल पंपही येतो, म्हणजे माझ्या सेटअपला हा खर्च जास्तीचा, हे मान्य. केबिनच्या भागात मी ३/८ इंची ॲल्युमिनियमची नळी वापरलीये आणि फायरवॉलच्या पुढे, जिथे इंजिन हलतं, तिथे ब्रेडेड टेफ्लॉन होज, वरून फायर स्लीव्ह (आगीपासून जपणारं वेष्टण). मित्राकडे टाकीपासून कार्बपर्यंत सगळं रबर आहे, स्वस्तात झालं, बदलायलाही सोपं. नळीच्या फ्लेअरबद्दल (पसरवलेल्या तोंडाबद्दल) मात्र सावध: आपल्याकडची गॅरेजं ४५ अंशांचा फ्लेअर मारतात, विमानाच्या एएन फिटिंगला ३७ लागतो, दोन्ही एकमेकांवर चढतात पण नीट बसत नाहीत. भोसरीत काम करून घेणार असाल तर टूल स्वतःचं घेऊन जा. आणि थ्रेडवर टेफ्लॉन टेप अजिबात नको, तिचे तुकडे निघून कुठे अडकतील सांगता येत नाही.

ओढण्याच्या बाजूला, म्हणजे टाकी ते पंप, जोड जितके कमी तितकं चांगलं. तिथली गळती दिसत नाही कारण पेट्रोल बाहेर येत नाही, हवा आत जाते, उसाच्या रसाच्या चिरलेल्या स्ट्रॉसारखं, ओढताय पण तोंडात निम्मी हवाच. इथे दोन इलेक्ट्रिकवाल्याचे गुण थोडे कापले जातात. पॅरलल म्हणजे दोन टी-जोड, दोन चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेनं सोडणारे, पंपातच नसतील तर, नाहीतर चालू पंपाचं पेट्रोल बंद पंपातून उलटं फिरतं), आणि तेवढेच जोड सीटच्या मागे, केबिनमध्ये. पेट्रोलचा हलका वास आला की नक्की कुठून येतोय हे शोधण्यात अख्खी दुपार जाते.

पण यातल्या कशानंही माझं ठरलं नाही. ठरलं ते वायरिंगच्या कटकटीनं.

९१२ चं इग्निशन स्वतःच्या कॉइलवर चालतं, बॅटरी मेली, मास्टर (सगळी वीज तोडणारा मुख्य स्विच) बंद केला, रेग्युलेटर जळला, इंजिनला पत्ता नसतो. मेकॅनिकल पंप असेपर्यंत पेट्रोललाही नसतो. तो काढलात की त्या क्षणापासून तुमचं पेट्रोल हे इलेक्ट्रिकल खात्यात जमा. ऐकायला साधं वाटतं, पंप एक-एक अँपिअर तर खातो, त्यात काय एवढं. पण मग बघा काय होतं ते: पॅनेलमागून धूर आला तर हात आधी मास्टरकडे जातो, सगळ्यांना तेच शिकवलेलं असतं, आणि या विमानात मास्टर बंद म्हणजे थोड्या वेळात प्रॉपेलर बंद. म्हणून एक पंप मास्टरला वळसा घालून थेट बॅटरीवर घ्यायचा, वेगळा फ्यूज, वेगळा स्विच. तो स्विच कुणीतरी रात्रभर चालू ठेवतं, सकाळी बॅटरी बसलेली. मग त्याला दिवा लावा. मग वाटतं बॅटरी एकच आहे, दुसरी छोटी असावी. मग तिला चार्ज कोण करणार, म्हणून डायोड. सेफ्टी म्हणून सुरू झालेलं प्रकरण वाढत जातं आणि प्रत्येक पायरी आपापल्या जागी बरोबरच असते, हेच त्यातलं वाईट. चुकलं कुठे असं बोट ठेवता येत नाही.

आणि खरी चिडचिड पुढे आहे. त्या विमानात रेडिओ बदलायचा, यूएसबीचं सॉकेट टाकायचं, नुसती अर्थिंगची वायर हलवायची, काहीही करा, शेवटी पेट्रोलच्या प्रवाहाची टेस्ट परत करायलाच लागते, कारण काम करताना कुठला लग (वायरच्या टोकाचा जोड) सैल झाला हे कोण सांगणार. आणि ती टेस्ट म्हणजे नुसता स्विच मारून टिकटिक ऐकणं नाही. कार्बजवळ पाइप सोडवायचा, विमानाचं नाक चढाईच्या कोनात वर करायचं, प्रत्येक पंप एकटा-एकटा चालवून कॅनमध्ये पेट्रोल मोजायचं. टेकऑफला ९१२ यूएलएस तासाला २७ लिटर पितो, पंपवाल्या सिस्टिमला त्याच्या सव्वापट मिळायला हवं, म्हणजे साधारण ३४, म्हणजे लिटरभर पावणेदोन मिनिटांच्या आत कॅनमध्ये आलं पाहिजे. शिवाय अल्टरनेटर नसताना व्होल्टेज पडतं तेव्हा पंप किती देतो हेही बघा, ते तर कुणीच बघत नाही. रेडिओचं काम करायला आलेल्या माणसाला यातलं काही माहीत नसतं, त्याचं बरोबर आहे, तो रेडिओ लावायला आलाय. शेडच्या उकाड्यात, पेट्रोलच्या वासात, एका चार्जिंग सॉकेटसाठी हे सगळं करताना मी ठरवलं की आपल्याकडे पेट्रोल आणि वीज यांचे संसार वेगळे ठेवायचे.

माझ्या सेटअपमध्ये ही टेस्ट होत नाही असं नाही, पण ती इंधनाचं काम केलं तरच, आणि वर्षाच्या तपासणीला. इलेक्ट्रिक बंद पडला तर मेकॅनिकल त्याच्यातूनच ओढून घेतो, मात्र इथे पंप निवडताना बघा: फॅसेटसारख्या ठोके देणाऱ्या छोट्या पंपातून बंद असतानाही पेट्रोल जातं, व्हेन किंवा रोलरच्या पंपाला बायपास लागतो. आणि कमी प्रेशरचाच घ्या. दोघांचं प्रेशर मिळून ०.४ बारच्या वर गेलं तर कार्बमधली, पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई उचलली जाते आणि कार्ब ओसंडतो, खाली एक्झॉस्ट आहे, बाकी सांगायला नको.

एक खोट माझ्या सेटअपमध्येही आहे: इलेक्ट्रिक चालू असताना मेकॅनिकल मेला तर काट्यावर कळत नाही. म्हणून टेकऑफ आणि चढाई झाली, हाताशी उंची आली, की इलेक्ट्रिक बंद करून काट्याकडे बघायचं. जागेवर राहिला तर ठीक, पडला तर परत चालू आणि घरी.

तुमचं विमान फक्त उन्हाळ्यात भरदुपारी उडणार असेल, इलेक्ट्रिकलचं काम तुम्ही स्वतःच करत असाल आणि दुसऱ्या कुणाला पॅनेलला हात लावू देणार नसाल, तर दोन इलेक्ट्रिकनंही छान चालेल, मित्राचं चाललंय. ९१२ आयएसवाल्यांना तर हा प्रश्नच नाही, त्याला इंजेक्शनसाठी तीन बार लागतात, तिथे इलेक्ट्रिकच. पण कार्बचं इंजिन असेल आणि अजून ठरत नसेल, तर मेकॅनिकल काढून ठेवायची घाई नको. रिटर्न घालून, इलेक्ट्रिक टाकीजवळ बसवून एक उन्हाळा काढून बघा, ब्लँकिंग प्लेट नंतरही बसवता येते.