अपडेटनंतर बॅटरी गेज: पूर्ण सायकल द्यावी की रोजच्या वापरावर सोडावं?

फर्मवेअर अपडेटनंतर उपकरण ३० टक्क्यांवरून थेट बंद पडू लागलं, तर बॅटरीला दोष देण्याआधी गेज चिपकडे, म्हणजे बॅटरीत किती चार्ज उरला ते मोजणाऱ्या चिपकडे बघा. अपडेटमध्ये चिपने वापरातून शिकलेली मूल्यं (बॅटरीची खरी क्षमता वगैरे) पुसली गेली असतील, तर सेल तोच राहतो, हिशेब चुकतो.

पहिला मार्ग लर्निंग सायकलचा. बॅटरी पूर्ण भरायची, चार्जर काढून दोनेक तास तशीच ठेवायची, मग उपकरण स्वतः बंद होईपर्यंत उतरवायची आणि पुढचे पाचेक तास हात लावायचा नाही. खरी गोम या विश्रांतीत आहे. करंट थांबल्यावर व्होल्टेज सावकाश स्थिरावतं आणि त्यावरूनच चिप चार्जची पातळी ठरवते. घाईने चार्जर लावला की सगळी मेहनत पाण्यात.

दुसरा मार्ग म्हणजे नेहमीसारखं वापरत राहणं. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या इम्पीडन्स ट्रॅक प्रकारच्या गेज चिपला एकदा शिकल्यावर, क्षमतेचा हिशेब पुन्हा दुरुस्त करायला दोन स्थिर मोजमापांत क्षमतेच्या ३७ टक्के फरक पडला तरी पुरतो. मात्र कायम चार्जरला जोडलेल्या लॅपटॉपमध्ये ही संधी येतच नाही.

आकडा थोडाफार हलत असेल तर मी दुसराच मार्ग घेईन. अचानक बंद पडत असेल तर पहिला, पण एकदाच. लिथियम-आयनला वारंवार पूर्ण उतरवणं मानवत नाही. आणि चिप मॅक्स१७०४८सारखी, केवळ व्होल्टेजवरून अंदाज बांधणारी असेल, तर लर्निंग सायकलची गरजच नाही.