ठिबकचा कंट्रोलर: मशीनला चार तारे, पुस्तकाला दीड

एप्रिलमधल्या द्राक्षाच्या खरड छाटणीआधी पिंपळगाव बसवंतच्या मळ्यात ठिबकला सहा व्हॉल्व्हचा ऑटोमॅटिक कंट्रोलर बसवला. कंपनीचं नाव लिहीत नाही, वॉरंटी अजून संपायची आहे. मशीनबद्दल तक्रार नाहीच. व्हॉल्व्ह वेळेवर उघडतात, विहिरीचं पाणी तळाला गेलं की मोटार आपोआप बंद होते. रात्रीच्या लाईटला बॅटरी घेऊन व्हॉल्व्ह फिरवत हिंडायचं माझं आणि नानांचं काम सुटलं. बोलायचंय ते सोबत आलेल्या ४४ पानी पुस्तकाबद्दल.

पहिल्या आठवड्यात लाईट गेली की मशीनचं घड्याळ बारावर जायचं. आमच्याकडे शेतीची लाईट काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, त्यामुळे घड्याळ रोजच बारावर. एका प्लॉटला दोनदा पाणी, शेजारचा कोरडा. दुकानदार म्हणाला, वायरमनला दाखवा. शेवटी नाना चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचायला बसले. ४१ व्या पानावर, ‘तांत्रिक तपशील’ मध्ये, एक ओळ सापडली: घड्याळाच्या सेलखालची प्लास्टिकची पट्टी वापरापूर्वी काढावी. वापरापूर्वी, आणि पान ४१!

लिहिणाऱ्यानं मशीनचा मेनू वरून खाली उतरवून काढलाय, बस्स. आम्ही पुस्तक उघडतो तेव्हा रात्रीचे दोन वाजलेले असतात, एका हातात मोबाईलचा उजेड आणि मोटार बंद. तेव्हा ‘मेनू ४.२ पाहा’ वाचून काय करायचं? रोज लागणारं खत सोडण्याचं प्रकरण ३३ व्या पानावर, आणि खतानंतर नळ्या धुवायला साधं पाणी किती मिनिटं सोडायचं ते कुठेच नाही.

मराठीचं तर विचारूच नका. मोटारीला पाणी मिळेनासं झालं की ती करंट कमी खेचते, त्यावरून मशीन ओळखतं आणि पडद्यावर इंग्रजीत ‘ड्राय रन’ दाखवतं. पुस्तकात त्याला ‘कोरडी धाव’ म्हटलंय. मळ्यातल्या गड्यालाही ‘ड्राय रन’ कळतं, पण कोरडी धाव शोधायला कोण जाणार?

फवारणीच्या औषधांच्या डब्यावर तिरका चौकोन असतो. खालचा अर्धा भाग लाल असेल तर सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. ज्याला वाचता येत नाही तोही लाल डबा जपून हाताळतो. हा विचार कोणीतरी केला होताच ना?

मग बायकोनं पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर स्वतःच लिहून काढलं. मेनू बाजूला ठेवून, डोळ्यांना काय दिसतं तिथून सुरुवात: ‘लाईट येऊन मोटार चालू होत नाही’, ‘पडद्यावर ड्राय रन आलंय’, ‘एकाच व्हॉल्व्हला पाणी नाही’. नानांना वाचायला दिलं तर तिसऱ्याच ओळीला अडले, “कुठलं बटण?” तिनं खोडून लिहिलं: हिरवं, खालून दुसरं. मग गड्याला दिलं. तो काही न विचारता गेला आणि मोटार चालू करून आला. ते पान आता लॅमिनेट करून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलंय.

मशीन घ्यायचं असेल तर जरूर घ्या. बसवायला आलेल्या पोराला जाऊ देण्याआधी ती पट्टी मात्र आपल्यासमोर काढून घ्या.