एक बीएचकेत ऑफिस कुठे मांडायचं: हॉल, बेडरूम की बाल्कनी?

घरून काम करायचं ठरलं की माणूस आधी टेबल शोधायला निघतो. टेबल नंतरही मिळेल, बसायचं कुठे ते आधी ठरवा. जागा चुकली तर महागडं टेबलही महिन्याभरात इस्त्रीचे कपडे ठेवायच्या कामाला लागतं.

नाशिकच्या छोट्या घरांत पर्याय फार नसतात. इंदिरानगर, पाथर्डी फाटा, नाशिकरोड कुठलाही एक बीएचके घ्या, जागा तीनच: हॉलचा कोपरा, बेडरूमची भिंत, काचा लावून बंद केलेली बाल्कनी. सिडकोच्या योजनेतलं स्वतंत्र घर असेल तर चौथी, गच्चीवरची पत्र्याची खोली. माझं मत आधीच सांगून टाकते: बहुतेकांसाठी बेडरूमची भिंत. पण ज्यांच्यासाठी ती नाही, त्यांच्यासाठी ती अजिबातच नाही.

बाल्कनीचा मोह

सगळ्यांना आधी बाल्कनीच दिसते. वेगळी खोली मिळाल्यासारखं वाटतं, उजेड भरपूर, दार लावलं की घर मागे राहतं. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरतो, त्या दिवसांत सकाळच्या उन्हात बसून काम करण्यासारखं सुख नाही. अडचण अशी की बहुतेक लोक हा निर्णयही थंडीतच घेतात.

मार्चनंतर खरी परीक्षा. बाल्कनी पश्चिमेकडे असेल तर दुपारी दोनपासून सूर्य थेट काचेवर येतो आणि एप्रिल-मेमध्ये चाळिशीच्या आसपासचं ऊन त्या चार फुटांच्या पट्ट्यात कोंडतं. पडदा आतून लावून फारसं भागत नाही, कारण ऊन तोवर काचेतून आत आलेलं असतं. चीक, म्हणजे बांबूच्या काड्यांचा पडदा, लावायची तर काचेच्या बाहेरून. जूनपासून पाऊस. आपल्याकडे पावसाचा वारा नैर्ऋत्य-पश्चिमेचा, त्यामुळे त्याच बाजूची बाल्कनी स्लायडिंगच्या फटींतून पाणी आत घेते आणि खाली एक्स्टेंशन बोर्ड पडलेला असतो. उत्तरेची बाल्कनी असेल तर हे सगळं विसरा, ती घरातली सगळ्यांत चांगली जागा आहे: दिवसभर सारखा उजेड आणि ऊन जवळपास नाही. पूर्वेची असेल तर सकाळी दहा-अकरापर्यंत स्क्रीनवर चमक येते, पुढे बरं. म्हणजे बाल्कनी चांगली की वाईट हे दिशेवर ठरतं. होकायंत्र मोबाइलमध्ये असतंच, आधी ते उघडा.

आणखी तीन गोष्टी. पहिली, रुंदी. चार फुटांच्या बाल्कनीत कठड्याकडे तोंड करून दोन फुटांचं टेबल लावलं तर मागे दोनच फूट उरतात, आणि खुर्ची मागे सरकवून उठायला अडीच-तीन फूट लागतात. टेबल बाल्कनीच्या आखूड टोकाला लावा, पाठीमागे पूर्ण लांबी मोकळी राहते. दुसरी, वजन. पुष्कळ इमारतींत बाल्कनी भिंतीतून बाहेर काढलेल्या स्लॅबवर तोललेली असते. तिथे फायलींनी भरलेलं लोखंडी कपाट नको. काचा लावण्याआधी सोसायटीची लेखी परवानगी आणि महापालिकेचा नियम, दोन्ही पाहून घ्या. तिसरी गोष्ट नकाशात दिसत नाही: पावसाळ्यात कपडे वाळणार कुठे? याचं उत्तर घरात एकमताने मिळालं नसेल तर बाल्कनीतलं ऑफिस जुलैपर्यंतच टिकेल.

पत्र्याच्या खोलीला हेच, फक्त दुप्पट. उन्हाळ्यात तापते, पावसात पत्र्याच्या आवाजाने कॉलवरचा माणूस विचारतो, कुठे आहात. छताला आतून फॉल्स सीलिंग आणि मध्ये उष्णता अडवणारा थर असेल तरच विचार करा.

हॉल आणि बेडरूम, समोरासमोर

हॉलमध्ये दिवसाला आवाज किती, ते एकदा मोजून बघा. सकाळी घंटागाडीचं गाणं, मग भाजीवाला, कुरिअरची बेल, ओट्यावर कुकरच्या शिट्ट्या, दुपारी टीव्ही. मागे कोण कधी येऊन उभं राहील सांगता येत नाही, आणि पाहुणे आले की मीटिंगमध्ये बसलेल्या माणसालाही "चहा घेणार ना?" विचारलं जातंच. दिवसातले तीन-चार तास कॉलवर जात असतील तर हॉल नको.

तरीही हॉलच बरोबर असलेली माणसं आहेत. विमा एजंट, कर सल्लागार, शिकवण्या घेणाऱ्या बाई, ज्यांच्याकडे लोक घरी येतात त्या सगळ्यांना टेबल दाराजवळ हवं. अनोळखी माणसाला बेडरूमपर्यंत कोणी नेत नाही, न्यावंही नाही. त्यांनी दारालगतची भिंत घ्यावी आणि आपली खुर्ची अशी ठेवावी की येणाऱ्याला स्क्रीन दिसू नये.

बेडरूमला दार आहे, आणि हा एकच गुण बाकीच्या सगळ्या उणिवांवर मात करतो. उणिवा आहेतच. दहा बाय अकराच्या खोलीत सहा फुटी पलंग ठेवला की एका बाजूला जेमतेम चार फूट राहतात. तिथे चोवीस इंच खोलीचं टेबल बसवलं तर खुर्ची पलंगाला धडकते. टेबल वीस इंचांचं करा, साडेतीन फूट लांब. लॅपटॉपच्या कामाला तेवढं पुरतं. मोठा मॉनिटर लावणार असाल तर तो टेबलावर न ठेवता भिंतीच्या ब्रॅकेटवर न्या, म्हणजे डोळ्यांपासून हातभर अंतर राहतं.

टेबलाची दिशा खिडकीवरून ठरवा. खिडकी डाव्या किंवा उजव्या हाताला हवी. समोर असली तर डोळे दिपतात, पाठीमागे असली तर व्हिडिओ कॉलवर चेहरा काळा पडतो. वास्तूवाले पूर्वेला किंवा उत्तरेला तोंड करायला सांगतात; जुळलं तर घरच्यांचंही समाधान, नाही जुळलं तर मी खिडकीचं ऐकेन. कॅमेऱ्यात पलंग येणार असेल तर तेवढी पाठ कपाटाच्या दाराकडे येईल असं बघा.

बेडरूम कोणाला चालत नाही? ज्या घरात कोणी सातपूर-अंबडच्या कंपनीत पाळ्या करतं त्यांना. रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी झोपणार आणि त्याच खोलीत तुम्ही "आवाज येतोय का?" करणार, हे आठवडाभरही चालणार नाही. उलट तुमचीच वेळ अमेरिकेची असेल तर घर झोपल्यावर हॉल तुमचाच आहे.

घडीचं, कपाटातलं, की कायमचं

भिंतीला लावायचं घडीचं टेबल चित्रात फार गोड दिसतं. पण घडी घालायची म्हणजे रोज लॅपटॉप, माउस, चार्जर, वही, पाण्याची बाटली उचलून कुठेतरी ठेवायची, आणि ते "कुठेतरी" बहुधा पलंग असतं. दिवसाला एक-दोन तासांचं काम असेल तर घडीचं घ्या. आठ तासांचं असेल तर ते उघडंच राहणार, मग बिजागरीचे पैसे कशाला?

त्यापेक्षा मला कपाटातलं ऑफिस जास्त पटतं. बेडरूमचं भिंतीतलं कपाट बहुतेक घरांत बावीस ते चोवीस इंच खोल असतं, म्हणजे टेबलाएवढंच. तीन फुटांचा एक भाग रिकामा करायचा, खालचे ड्रॉवर काढून गुडघ्यांना जागा करायची, अठ्ठावीस इंचांवर फळी, वर दोन कप्पे, मागच्या बाजूला प्लगचा पॉइंट. संध्याकाळी दार लावलं की ऑफिस डोळ्यांआड. घरात छोटं मूल असेल तर याला तोड नाही. किंमत मात्र तीन फूट कपड्यांची, आणि ती कोणाच्या कपड्यांची हे आधी ठरवून घ्यावं.

सुतार, रेडिमेड, फॅब्रिकेशनवाला

रेडिमेड टेबल बहुधा पार्टिकल बोर्डाचं असतं. स्वस्त, दोन दिवसांत घरी, दिसायलाही बरं. पण कडेने पाणी शिरलं की फुगतं, आणि घर बदलताना एकदा उघडून परत जोडलं की स्क्रू ढिले पकडतात. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्यांना हे दोन्ही महागात पडतं.

सुताराकडून करून घेण्याचा मोठा फायदा टिकाऊपणाचा नाही, उंचीचा आहे. तयार टेबलं साधारण तीस इंच उंच असतात. पाच फूट उंचीच्या बाईला ती जास्त होतात: खांदे वर चढतात नाहीतर पाय लोंबतात. सुतार सत्तावीस इंच सांगितलं तर सत्तावीस करून देतो. आणि 8 बाय 4 च्या एकाच प्लायवूड शीटमधून नीट कापलं तर 4 बाय 2 चा टॉप, अडीच फुटी दोन बाजू, मागची फूटभराची पट्टी आणि वरच्या दोन फळ्या निघतात. ही मांडणी कागदावर काढून सुतारापुढे ठेवा, नाहीतर दुसरी शीट आणायला सांगितली जाते. प्लाय 18 किंवा 19 मिलिमीटरचा घ्या. घरातल्या भिंतीला आयएस 303 (शीटवर छापलेला दर्जाचा क्रमांक) पुरतो. बाल्कनीत असेल तर आयएस 710, पाण्याला टिकणारा. तीन फुटांहून लांब फळीला मधे आधार द्या, फायलींच्या वजनाने ती वाकते.

तिसरा पर्याय नाशिककरांनी विसरू नये. अंबड-सातपूर औद्योगिक गाव असल्याचा फायदा घ्या. चौकोनी पाइपची चौकट वेल्डिंग करून, पावडर कोटिंग करून घ्यायची आणि वर फक्त प्लायचा टॉप, सनमायका लावून. टॉप नटबोल्टवर असला की घर बदलताना चौकट एकीकडे, फळी एकीकडे. भाड्याच्या घरासाठी मी हाच निवडेन. भिंतीला एकही भोक नाही, मालक डिपॉझिट कापत नाहीत.

खुर्ची

इथे पैसे वाचवू नका. टेबलावर वाचवा. उंची खालीवर होणारी, पाच पायांची, पाठीला कंबरेपाशी आधार देणारी. उन्हाळ्याचा विचार केला तर जाळीची पाठ. बसल्यावर गुडघ्यामागे दोन-तीन बोटं जागा राहिली पाहिजे. दुकानात पंधरा मिनिटं बसून राहा, दुकानदार बघू दे. बंद झालेल्या ऑफिसातल्या जुन्या खुर्च्याही चांगल्या मिळतात, फक्त बसल्यावर हळूहळू खाली जाते का एवढं बघा; जात असेल तर गॅस संपलेला आहे.

नेट आणि वीज

राउटर हॉलमध्ये, टीव्हीच्या मागे. बेडरूम एका भिंतीपलीकडे. 5 गिगाहर्ट्‌झचं वाय-फाय वेगवान पण भिंतीत दमतं, 2.4 पुढपर्यंत पोचतं पण शेजाऱ्यांच्या गर्दीत अडकतं. एक्स्टेंडर घेण्याआधी हॉलपासून टेबलापर्यंत लॅन केबल टाका, केसिंग पट्टीतून. शंभर मीटरपर्यंत ती निवांत चालते, आपल्याला दहा लागतील. ज्यांना बाल्कनीत बसायचंय त्यांनी तर नक्कीच.

वळवाच्या पावसात वीज गेली की लॅपटॉप चालू राहतो, नेट जातं. राउटरसाठी 12 व्होल्टचा छोटा यूपीएस लावला की प्रश्न मिटतो, बशर्ते तुमचा राउटर 12 व्होल्टचाच असेल; अडॅप्टरवर लिहिलेलं असतं. लेझर प्रिंटर इन्व्हर्टरवर लावू नका, गरम होताना तो एकदम खूप वीज ओढतो. घरी थोडंच छापायचं असेल तर इंक टँक बरा, आणि तो टेबलावर नको, खालच्या कप्प्यात.

कागद

छोट्या जागेत पसारा वायरींचा नसतो, कागदांचा असतो. जीएसटी असणाऱ्यांना हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने जपावे लागतात. म्हणजे सहा-सात वर्षांचे बॉक्स. ते टेबलाजवळ ठेवायचे नाहीत. टेबलाजवळ फक्त चालू वर्ष. बाकी वर्षं बाहेरून लिहून, झाकणाच्या प्लास्टिक क्रेटमध्ये, माळ्यावर. कापडी पिशवीत नको, पावसाळ्यात ओल धरते.

मग कोणी काय घ्यावं

स्वतःचं घर, दिवसभर कॉल, घरात पाळीवाला कोणी नाही: बेडरूमची भिंत, सुताराचं वीस इंची टेबल. लहान मूल असेल तर कपाटातलं. भाड्याचं घर: बेडरूमच, पण लोखंडी चौकट. लोक घरी येत असतील तर हॉल, दारापाशी. बाल्कनी उत्तरेची असेल तर माझं सगळं ऐकलेलं सोडा आणि ती घ्या. ठरवण्याआधी टेबल आणि खुर्चीच्या मापाची वर्तमानपत्रं जमिनीवर चिकटवून आठवडाभर तसंच वावरा. जिथे घरच्यांचा पाय वारंवार पडतो, तिथला कागद आपणच फाटून निघेल.

आणि दोन माणसं घरून काम करतात, दोघांचेही कॉल एकाच वेळी, बेडरूम एकच, अशी गत असेल तर एकाने बाहेर जागा बघावी. अभ्यासिकेतली महिन्याची खुर्ची स्वस्त पडते, पण तिथे बोलता येत नाही. लिहिण्या-वाचण्याचं किंवा कोडिंगचं काम असणाऱ्याने ती घ्यावी. कॉलवाल्याने घरात राहावं आणि बेडरूमचं दार त्याला द्यावं.