पोत्यातला वाळका सुबाभूळ: पैसे पानाचे द्या, काडीचे नाही

पोत्यावर छापलंय ‘सुबाभूळ पाला, प्रथिने २२ टक्के’. वजन २५ किलो. पाला कधी तोडला, कुठे वाळवला, काडी किती, यातलं काहीच लिहिलेलं नाही. नागपूरच्या बाजारात ढेपेच्या पोत्यांशेजारी मिळालेला हा बकऱ्यांच्या चाऱ्याचा माल. छापलेला आकडा अशक्य नाही, कारण सुबाभळाच्या निव्वळ वाळक्या पानात २० ते २५ टक्के प्रथिनं असतातच. पोत्यात पान किती, एवढंच बघायचं.

मोठ्या भोकांच्या चाळणीने चाळल्यावर ४ किलो काडी निघाली, त्यातली बरीच पेन्सिलीपेक्षा जाड. अशी काडी बकरी हुंगते आणि पायाखाली टाकते. पानात २२ आणि काडीत ९ टक्के प्रथिनं धरली, तर पोत्याची सरासरी २० टक्क्यांच्या आसपास येते, आणि खाण्याजोगा माल उरतो २१ किलो. म्हणून पोत्याची किंमत २१ ने भागून किलोचा भाव काढा आणि तो सरकी ढेपेच्या भावाशी लावून बघा. सालीसकट सरकीच्या ढेपेतही प्रथिनं जवळपास एवढीच, शिवाय तेल असतं. पाला ढेपेपेक्षा महाग पडत असेल तर घेऊ नये.

पान मात्र चांगलं निघालं. रंग शेवाळी हिरवा, वास गवती. उन्हात करपलेला पाला पिवळट-तपकिरी होतो आणि त्यातलं कॅरोटीन, ज्यातून बकरीला अ जीवनसत्त्व मिळतं, बरंचसं उडून जातं. मे महिन्यातलं नागपूरचं ऊन पाला झटपट वाळवतं, पण सावलीत वाळवलेल्याची सर त्याला नाही. मूठभर पाला पाण्यात टाकला, तर तळाला मातीचा थर अगदी पातळ बसला. तोही चांगला भाग.

ओलावा तपासायला दुकानात यंत्र लागत नाही. कोरड्या काचेच्या बरणीत पाला आणि चमचाभर कोरडं मीठ घालून जोरात हलवा. मीठ काचेला चिकटलं तर पाला ओला आहे, परत करा. जुलै-ऑगस्टमध्ये असं पोतं जमिनीवर ठेवलं की खालून बुरशी धरते, आणि बुरशीच्या विषाने गाभण बकऱ्या गाभडू शकतात. लाकडी फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा.

आता सुबाभळाचा खरा धोका, माइमोसिन हे पाल्यातलं विषारी द्रव्य. कोवळ्या शेंड्यांत आणि बियांत ते जास्त असतं. या पोत्यात शेंगांचे तुकडेही निघाले, ते वेचून काढावे लागले. जास्त खाल्लं की केस गळतात, लाळ येते, थायरॉइडची गाठ वाढते, करडं अशक्त जन्मतात. आपल्याकडच्या बकऱ्यांच्या पोटात त्याचा निकाल लावणारे जिवाणू सहसा असतात, तरी पाला एकदम सुरू करू नये. मूठभरापासून सुरुवात करून दोन-तीन आठवड्यांत वाढवा, आणि एकूण कोरड्या चाऱ्याच्या एक तृतीयांशापुढे जाऊ नका. घोडा, गाढव, ससा यांच्यापुढे हा पाला टाकूच नका.

३० किलोच्या बकरीला दिवसाला साधारण १.१ किलो कोरडा चारा लागतो. त्यात ३५० ग्रॅम पाला आणि ७५० ग्रॅम सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) दिलं, तर पाल्यातून ७५ च्या आसपास आणि कुटारातून ३५-४० ग्रॅम प्रथिनं मिळतात. सगळं मिळून १० टक्क्यांच्या आसपास. रिकाम्या बकरीचं त्यावर भागतं. गाभण किंवा दूध देणारीला कुटार थोडं कमी करून वर मक्याचा भरडा आणि ढेप द्यावीच लागते, कारण पाल्यात प्रथिनं आहेत, पण ती अंगी लागायला लागणारी ऊर्जा कमी. पाल्यात कॅल्शियम भरपूर, फॉस्फरस तुटपुंजा. तो गव्हाच्या चोकरातून भरून निघतो, रोज मूठभर पुरे.

चुरा झालेला पाला सुका टाकला की बकऱ्या शिंकतात आणि अर्धा माल खाली सांडतो. गुळाचं पाणी शिंपडून, छातीच्या उंचीच्या गव्हाणीत द्या. बकरीला मान वर करून खायची सवय, जमिनीवरचं ती तुडवते.

बांधावर बाभूळ-बोर असलेल्यांनी हे पोतं घेण्याचं कारण नाही. बोरीच्या आणि बाभळीच्या पाल्यात प्रथिनं १३-१५ टक्क्यांच्या घरात. टॅनिन या तुरट द्रव्यामुळे त्यातली थोडी अडकून बसतात, पण पाला फुकट आहे. वड-पिंपळ पोट भरायला ठीक. खेड्यातून पाला आणत असाल तर त्यात कण्हेर आणि नाल्याकाठची बेशरम ही विषारी झाडं आली नाहीत ना, हे दर खेपेला हाताने चाळून बघा. पोत्यातल्या मालाचीही हीच तपासणी करा, आणि वजन करण्याआधी दुकानदाराला पोतं उघडायला सांगा. नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा.